डेस्कटॉपवरचं काही ठेवायचं का

मी माझ्या जावेवर जळते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मला सज्जन समजून वाचायची मेहनत तुम्हाला पडणार नाही. ती माझ्याहून आठ वर्षांनी लहान, दिसायला चारचौघींसारखी, स्वभावानं गरीब. भांडायचं म्हटलं तर तिच्यात धरायला काही सापडत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

अमरावतीत राजापेठेत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी चोवीस वर्षांपासून लग्नपत्रिका करते. छापत नाही. छापायचं काम गल्लीच्या टोकाच्या प्रेसवाल्या भाईंचं. मी कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करते, वेलबुट्टी लावते, नावं बसवते. खरी कारागिरी नावं बसवण्यात आहे. काका आधी की मामा आधी, गेलेल्या आजोबांच्या नावामागं 'कै.' लागलं की नाही, रुसलेल्या आत्याचं नाव घेतलं की गाळलं, यावरून ऐन मांडवात लोक पानावरून उठतात. नांदगाव खंडेश्वरपासून वरुडपर्यंत कोणत्या घरात कोण कोणावर रुसलं आहे, हे मला त्यांच्या पत्रिकांवरून ठाऊक असतं. लोक म्हणायचे, पत्रिका करावी तर राजापेठेतल्या बाईंनी. हे ऐकायची मला सवय लागली होती.

जाऊ लग्न होऊन आली तेव्हा वर्षभर आमच्याकडं होती. दिराची नोकरी अकोल्याला, तिथं चांगली खोली मिळत नव्हती. ती माझ्या मशीनशेजारी स्टूल ओढून बसायची आणि पाहत राहायची. माउस कसा धरायचा इथपासून मी तिला शिकवलं. मग ती अकोल्याला गेली, तिथं तिनंही पत्रिकांचं दुकान टाकलं, आणि बघता बघता माझ्या पुढं निघून गेली.

एकदा मी तिच्या दुकानात गेले होते. टेबलावर दोन स्क्रीन. तिनं एक विंडो ओढून डाव्या कडेला नेली, ती अर्ध्या जागेत चपखल बसली. दुसरी उजव्या कडेला. डावीकडं जुनी पत्रिका, उजवीकडं नवी, शेजारच्या स्क्रीनवर गिऱ्हाइकाचा व्हॉट्सअॅपवर आलेला मजकूर. दोन कळा दाबल्या की उघड्या असलेल्या सगळ्या विंडो ओळीनं समोर यायच्या आणि हवी तिच्यावर ती जाऊन थांबायची. मान खाली नाही, शोधाशोध नाही. बोलता बोलता तिनं एका घराची चाळीस नावं बसवली आणि मला विचारलं, "ताई, चहात साखर कमीच ना?"

माझ्या मशीनवर एका वेळी एकच विंडो, स्क्रीनभर. दुसरी पाहायची तर पहिली खाली टाकायची, मग खालच्या पट्टीत डोळे बारीक करून ती शोधायची. चार विंडो उघड्या राहिल्या तर मला घर उघडं टाकून बाजारात आल्यासारखं वाटायचं. घरी येताना बसमध्ये मी नवऱ्याला म्हटलं, इतकं उघडं ठेवून काम करणाऱ्या बाईच्या हातून एक दिवस कोणाचं तरी नाव चुकेल. तो म्हणाला, "तुह्या पोटात दुखून राहिलं." मी बडनेरा येईपर्यंत त्याच्याशी बोलले नाही.

पण मशीनवरून जळणं हे वरवरचं. खरं दुखणं लेकीचं होतं.

जावेला मूलबाळ झालं नाही. माझ्या लेकीचा नंबर अकोल्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात लागला तेव्हा ती चार वर्षं काकूकडं राहिली. होस्टेलपेक्षा बरं म्हणून मीच पाठवली. पहिल्या सुटीत ती आली आणि माझी बेसनाच्या पातोडीची भाजी खाऊन म्हणाली, काकूची पातोडी रश्शात फुटत नाही. दुसऱ्या सुटीत आली तेव्हा केस काकूसारखे बांधलेले. ताप आला की फोन काकू करायची, रिझल्ट लागला की मला काकूकडून कळायचा. काकूला ती अगं-तुगं करायची, गळ्यात पडायची. माझ्या गळ्यात ती दहावीनंतर पडली नव्हती. मी मनात जावेला म्हणायची, बाई, दुकान घे, गिऱ्हाईक घे, पण एवढी एक पोरगी आहे मला.

लेक पहिल्यांदा अकोल्याला गेली, त्याच महिन्यात मी तिच्या लग्नाची पत्रिका करायला घेतली. कोणाला सांगितलं नाही. स्थळाचा पत्ता नाही, पोरगी अठरा वर्षांची, आणि आई पत्रिका करते म्हटल्यावर लोक हसले असते, आणि आधीच पत्रिका करणं अपशकुनाचंही. माझं माहेर शेंदूरजनाघाटचं, बापाची संत्र्याची बाग. म्हणून चारी बाजूंनी संत्र्याच्या फुलांची डहाळी काढायची ठरवलं. बाजारातली तयार वेल नाही. माउसनं एक-एक पाकळी काढायची. लग्नसराई संपली की मी दुपारी ते उघडायची. एका हंगामात एक डहाळी व्हायची, कधी तीही नाही. सात वर्षांत कागद भरला. नावं सगळी बसवली होती. जावेचंही, योग्य जागी, माझ्या नावाच्या खाली. फक्त नवरदेवाच्या जागी टिंबं होती.

गिऱ्हाइकांचं काम मी डी ड्राइव्हमध्ये वर्षावार ठेवते. ही पत्रिका मात्र डेस्कटॉपवर होती, रोज डोळ्यांसमोर असावी म्हणून. फोल्डरचं नाव 'जुने नमुने' ठेवलं, म्हणजे कोणी उघडणार नाही.

दोन-अडीच वर्षांपूर्वी लग्न जमलं. मुलगा अकोल्याचा. लेक तेव्हा पुण्यात नोकरीला होती, पण त्यांच्या दोघांच्या नोकऱ्या घरून करायच्या होत्या, म्हणून लग्नानंतर अकोल्यालाच राहायचं ठरलं. जावेचा फोन आला. "ताई, पोरगी माह्या गावात येऊन राहिली." मी हो म्हटलं. मला कोणीतरी खिसा कापल्यासारखं वाटलं.

चार दिवसांनी लेकीचा फोन. "आई, पत्रिका काकूले सांगू काय?"

"काहून? माहे हात मोडले काय?"

"तसं नाई व. तुह्या मशीनवर व्हॉट्सअॅप उघडत नाई, काई नाई. इकडच्या लोकांले तर मोबाइलवरच द्या लागते पत्रिका. कशी करशीन तू?"

तिचं खरं होतं. माझ्या मशीनवर विंडोज सात होती. इंटरनेट उघडलं की हे आता जुनं झालं अशी पट्टी यायची. गिऱ्हाईक मजकूर फोनवर पाठवायचे आणि मी फोन मांडीवर ठेवून एक-एक ओळ पाहून टाइप करायची. प्रेसवाले भाई कधीचे म्हणायचे, "बाईजी, बदला आता. सगळे घरबसल्या फाइल पाठवून राहिले, तुमी पेन ड्राइव्ह घेऊन उन्हात येता." मी चालते तोवर चालू द्या म्हणायची. लेकीला मात्र ताडकन बोलले, "मी मशीनमध्ये नवी विंडोज टाकून घेईन. पत्रिका माह्याच हातची होईन."

"मग बेस झालं," ती म्हणाली. "काकूले सांगते मी, ती रविवारी येऊन टाकून देईन."

आता काय बोलणार. नको म्हणावं तर कारण काय सांगावं? भाईंना सांगावं तर सराई चालू, त्यांना मान वर करायला वेळ नव्हता. गुरूची विद्या गुरूला शिकवायला जाऊ येणार, हे मी गिळलं. पण आठवडाभर दुपारी कडी लावून मी फोनवर व्हिडिओ पाहिले, तिच्यासमोर अगदीच भैताड, अडाणी दिसू नये म्हणून. एक पोरगा हिंदीत समजावून सांगत होता की नवी विंडोज चढवली तरी जुनं सगळं एका फोल्डरमध्ये दहा दिवस पडून राहतं, पाहिजे ते काढून घ्या. हे मी बरोबर लक्षात ठेवलं. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले होते मी.

रविवारी ती बडनेऱ्याला उतरून ऑटोनं आली. हातात पेन ड्राइव्ह आणि ज्वारीच्या पापडांचा डबा. पाणी पिऊन लगेच मशीनपाशी बसली. तिच्या शेजारी स्टूल ओढून मी बसले. एकेकाळी आम्ही उलट्या बसायचो, हे तिच्या मनात आलं की नाही कोण जाणे, माझ्या मनातून जात नव्हतं. डी ड्राइव्ह तिनं नीट पाहिली. फॉन्ट कुठं आहेत, कोणत्या वर्षाच्या पत्रिका कुठं आहेत, सगळं कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाली, "ताई, ही विंडोज लय जुनी हाय. हिच्यावरून नवी चढत नाई. सी ड्राइव्ह कोरी करून टाका लागते. डेस्कटॉपवरचं काई ठेवाचं हाय काय?"

"नाही."

बाण 'जुने नमुने'वर जाऊन थांबला. "हे काय हाय?"

"नाव लिहिलं आहे ना त्याच्यावर."

"उघडून पाहू काय एकदा? पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवते. दोन मिनिटाचं काम हाय."

ती उघडणार, हेच मला नको होतं. उघडून ती म्हणाली असती, किती सुंदर ताई, आणि तिला तसं खरंच वाटलं असतं. मग दोन कळा दाबून तिनं माझ्या सात वर्षांच्या पाकळ्या एका रेषेत आणून दिल्या असत्या, उपकार म्हणून. आणि लेकीला फोन करून माझ्या आधी सांगितलं असतं. पोरीला ती पत्रिका मीच दाखवणार, ती पाहील तेव्हा दुसरं कोणी नको, एवढं एक मी स्वतःसाठी राखलं होतं. कोरी करणार हे शब्द मी ऐकले होते. पण डोक्यात तो हिंदी पोरगा बसला होता, दहा दिवसवाला. म्हटलं, जाऊ अकोल्याला गेली की मी गुपचूप काढून घेईन.

"म्हटलं ना, काही नाही त्यात," मी म्हणाले. "टाक पुसून."

तिनं पुसलं. मग काळ्या स्क्रीनवर आकडे चढत गेले. आम्ही तोवर पिठलं-भाकर खाल्ली. ती लग्नाबद्दल बोलत होती, लेकीसाठी गॅलरीतल्या कुंडीत मोगरा लावला म्हणाली, आल्यावर तिला केसांत माळायला होईल. मी भाकर मोडत होते.

तीनच्या सुमाराला नवी विंडोज उघडली. माझीच मशीन, पण परक्या घरात आल्यासारखी. जावेनं मला शिकवलं, कीबोर्डवर विंडोजचं चिन्ह असलेलं बटण दाबून धरायचं आणि डाव्या बाणाचं बटण दाबायचं. विंडो सरकन डावीकडं अर्ध्यात जाऊन बसली. उजवा बाण, दुसरी उजवीकडं. मी चार-पाच वेळा करून पाहिलं. मला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून रागही आला. इतकी वर्षं मी एक झाकून दुसरं उघडत बसले होते.

मग ती हात धुवायला आत गेली तेव्हा मी सी ड्राइव्ह उघडली. जुन्या विंडोजचं फोल्डर नव्हतं. पुन्हा पाहिलं. ती परत आल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ते जुनं एका फोल्डरात राहते म्हणतात ना दहा दिवस?"

"ते वरून चढवली तर राहते ताई. आपण तर फॉरमॅट मारलं." ती माझ्याकडं पाहायला लागली. "काहून? काई राह्यलं काय? राह्यलं असन तर आत्ताच सांगा. अजून विंडोज सोडून तिच्यावर काई टाकलं नाई, काढाचा प्रयत्न करता येते. आता फॉन्ट अन् बाकीचं टाकलं का मग नाई जमत."

सांगता आलं असतं. 'हो, राहिलं' एवढे दोन शब्द. पण मग काय राहिलं हे सांगावं लागलं असतं, ते काढायला ती रात्रभर बसली असती, काढून दिलं असतं, आणि माझ्या लेकीची पत्रिका तिनं वाचवली हे जन्मभर घरात बोललं गेलं असतं. मी म्हटलं, "नाही. असंच विचारलं."

तिनं फॉन्ट टाकायला सुरुवात केली. हिरवी पट्टी पुढं सरकत होती आणि माझी फुलं तिच्याखाली जात होती, हे खोलीत एकट्या मलाच माहीत होतं. मी उठून भांडी घासायला गेले.

पुढचा आठवडा मी ती पत्रिका आठवून काढायला बसले. नावं बसली. डहाळी जमेना. जुनी डोळ्यांसमोर यायची पण स्क्रीनवर उतरायची नाही. सहा दिवसांत एक कोपरा झाला, तोही आखडलेला.

शनिवारी लेक पुण्याहून बस्त्यासाठी आली, साड्या घ्यायला जायचं म्हणून जाऊही अकोल्याहून आली. पुढच्या खोलीत सगळे बसलो होतो. लेकीनं नवी विंडोज पाहिली, दोन विंडो शेजारी लावून पाहिल्या, माझं कौतुक केलं. मग डेस्कटॉपवर काहीतरी शोधायला लागली.

"आई, जुने नमुने कुठं गेलं?"

मी चहाचे कप गोळा करायला लागले.

"ती संत्र्याच्या फुलांची," ती म्हणाली. "माही पत्रिका. मी मागच्या दिवाळीत बायोडाटा काढाले बसली होती तवा पाह्यली. तुले कधी बोलली नाई, तूच दाखवशीन म्हणून." मग हसून म्हणाली, "म्हणून तं काकूचं नाव घेतलं ना मी. म्हटलं, काकूचं नाव काढलं का आई चिडन अन् काढन ते बाहेर."

माझी लेक मला इतकी ओळखून होती, हे मला त्या दिवशी कळलं.

"मशीन कोरी केली ना तेव्हा," माझ्या तोंडून निघालं. "डेस्कटॉपवरचं गेलं सगळं."

लेकीचं हसू गेलं. ती काकूकडं वळली. "काकू, तू इचारलं नाई? पुसाच्या आधी इचारा लागते ना? तुले तं सगळं येते."

जावेनं माझ्याकडं पाहिलं. मोठ्या डोळ्यांनी नाही, रागानं नाही, नुसतं पाहिलं. तिला त्या क्षणी सगळं कळलं असणार. तिनं दोनदा विचारलं होतं, आणि तिसऱ्यांदाही विचारलं होतं. मी आता बोलेन म्हणून ती थोडी थांबली. मी कपात कप घालत राहिले.

"इचाराचं राहूनच गेलं व," जाऊ म्हणाली. "घाई झाली. माही चूक झाली."

लेक रडली. तिला कधी असं रडताना पाहिलं नव्हतं. काकू तिच्या पाठीवर हात ठेवायला गेली तर तिनं खांदा काढून घेतला आणि माझ्याजवळ आली, माझ्या गळ्यात पडली, कितीतरी वर्षांनी. मी तिला धरलं. तिच्या खांद्यावरून मला जाऊ दिसत होती. ती पिशवी आवरत होती.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

पत्रिका मीच केली. जाऊ म्हणाली होती, फुलं काढायला मी बसते सोबत. लेक म्हणाली, "नको काकू, राहू द्या." तोवर ती तिला कधी अहो-जाहो बोलली नव्हती. वेल मी तयार घेतली, बाजारातली. लग्न चांगलं झालं. नावांवरून कोणी रुसलं नाही.

लेक आता अकोल्यात राहते, जावेच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. जाऊ मला तिच्याबद्दल विचारत नाही, आणि त्या रविवारबद्दल ती कोणाजवळ एक शब्द बोललेली नाही, दिराजवळही नाही. बोलली असती तर माझ्या कानावर आलंच असतं. मी रोज संध्याकाळी लेकीला फोन करते. जेवणखाण विचारते, तब्येत विचारते, आणि शेवटी विचारते, काकूकडं गेली होती काय. ती नाही म्हणते. जात जा, असं म्हणायला पाहिजे. खरं काय झालं ते सांगायला पाहिजे, एका मिनिटाचं काम आहे. मी बरं म्हणते आणि फोन ठेवते, आणि त्या रात्री मला शांत झोप लागते.